विज्ञान-धोरणातली इंटर्नशिप: तिथे नेमकं करायचं काय असतं?

(विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



मगाशी बाहेर चहा घेताना एका पालकांनी मला विचारलं, "मुलगी बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी झाली. आता म्हणते, सहा महिने पॉलिसीचं काम शिकायला दिल्लीला जाते. पॉलिसी म्हणजे आम्हाला एलआयसीचीच माहीत. हे काय असतं?" ते हसत बोलले, पण प्रश्न खरा होता. २०२२ साली माझ्या आईनंही मला तेच विचारलं होतं, फक्त तिला हसू येत नव्हतं. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून पोरगी बंगळुरूला जाणार, तेही लॅबमध्ये नाही, तर कागद वाचायला!

मी गेले. एका थिंक टँकमध्ये जानेवारी ते जून अशी सहा महिने इंटर्न होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांच्या आणि माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

आधी शब्द सोडवून घेऊ. थिंक टँकला मराठीत विचारगट म्हणतात, अभ्यासगटही म्हणतात. मी थिंक टँकच म्हणेन. ही सरकारी कचेरी नसते, विद्यापीठही नसतं. एखाद्या सार्वजनिक प्रश्नाचा अभ्यास करायचा आणि निर्णय घेणाऱ्यापुढे पर्याय ठेवायचे, हे तिचं काम. आपल्याकडचं जवळचं उदाहरण द्यायचं तर पुण्यातल्या 'प्रयास' संस्थेचा ऊर्जा गट. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पावरून नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात रान उठलं होतं, ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. त्या वेळी 'प्रयास'च्या मंडळींनी वीजखरेदीचा करार वाचला आणि आकडेमोड करून तो किती महाग पडणार ते मांडलं. घोषणा देणारे पुष्कळ होते, करार वाचणारे थोडे. बंगळुरूत 'सीस्टेप' आहे, 'तक्षशिला' आहे. दिल्लीत 'आरआयएस' आहे, 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' आहे. प्रत्येकाचा पिंड वेगळा, पैसा येण्याची वाट वेगळी. त्या वाटेकडे लक्ष ठेवा, पुढे लागेल.

आता विज्ञान-धोरण. हार्वे ब्रुक्स नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९६४ मध्ये याचे दोन भाग केले, ते अजून वापरतात. पहिला, विज्ञानासाठी धोरण: संशोधनाला पैसा किती, कोणाला, कसा. भारत संशोधन आणि विकासावर सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा २०२०-२१चा आकडा तुम्ही अनेक भाषणांत ऐकला असेल. २०२३ मध्ये 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान'चा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये असं जाहीर झालं, आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून येईल असं गृहीत धरलं होतं. भाषण करणारा ५०,००० कोटींवर थांबतो. इंटर्ननं पुढचं विचारायचं असतं: बाहेरून म्हणजे कोणाकडून? ते का देतील? नाही दिले तर काय?

दुसरा भाग, धोरणासाठी विज्ञान. नव्या बियाण्याला परवानगी द्यायची का, नदीत किती प्रदूषण चालवून घ्यायचं, असे निर्णय घेताना विज्ञानाचा उपयोग कसा करायचा. माझं काम यातलं होतं, म्हणून त्याबद्दलच सविस्तर सांगते.

पहिल्या दिवशी आमच्या गटप्रमुख बाईंनी मला एक प्रश्न दिला. जनुक-संपादित पिकांना, म्हणजे क्रिस्परसारखं तंत्र वापरून केलेल्या पिकांना, जीएम पिकांचेच नियम लावावेत का? दोन पानांत उत्तर. मुदत पंधरा दिवस.

मी खूश! माझाच विषय. पाचव्या दिवशी नऊ पानं लिहून दिली. कॅस-९ कसं काम करतं, डीएनए कुठे तुटतो, पेशी तो कसा सांधते, आकृत्यांसह सगळं. जीएममध्ये बहुधा दुसऱ्या जीवाचं जनुक आणून बसवतात, बीटी कापसात जिवाणूचं आहे तसं. संपादनात अनेकदा पिकाच्याच जनुकात छोटासा बदल करतात, बाहेरचं काही शिल्लक राहत नाही. तेव्हा दोन्हींना एकच नियम लावणं अवैज्ञानिक आहे, असा माझा निष्कर्ष.

बाईंनी वाचलं आणि विचारलं, "हे वाचून पर्यावरण मंत्रालयातला माणूस काय करील?"

मी म्हटलं, "त्याला विषय कळेल."

"बरं, कळला. मग?"

या 'मग?'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मला १९८९चे नियम वाचायला सांगितले. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा, त्याखालचे हे नियम. भारतातल्या जीएम पिकांचा सगळा कारभार यांच्यावर चालतो. मी वैतागले. क्रिस्परचा संपादनासाठी वापर २०१२ नंतरचा, आणि मी १९८९चं काय वाचू? पण वाचलं, आणि माझी नऊ पानं तिथेच कोसळली. कारण त्या नियमांत 'जनुकीय अभियांत्रिकी'ची जी व्याख्या आहे, तिच्यात बाहेरून काही घालणं तर येतंच, पण जीवाच्या आनुवंशिक द्रव्यातला भाग काढून टाकणंही येतं. म्हणजे विज्ञान म्हणतं 'यात परकं काही नाही', आणि कायदा म्हणतो 'परकं असो नसो, तुम्ही काढलंत तरी ते माझ्या कक्षेत'. माझा निष्कर्ष विज्ञान म्हणून ठीक होता. पण मंत्रालयातल्या अधिकाऱ्याच्या हातात व्याख्या होती, आणि ती त्याला मनानं बदलता येत नाही.

मग तो काय करू शकतो? व्याख्या बदलणं हा लांबचा रस्ता. पण त्याच नियमांत विसावा नियम आहे. गरज असेल तिथे मंत्रालय काही जीवांना नियम ७ ते ११ मधून सूट देऊ शकतं. हे सापडलं तेव्हा मला लॅबमध्ये जेलवर पहिला बँड दिसला होता तसा आनंद झाला. खरंच सांगते. आता शिफारस लिहिता येत होती: कोणी, कोणत्या नियमाखाली, कशाला सूट द्यावी आणि कशाला देऊ नये.

दोन पानं झाली. बाईंनी सुधारली, मी पुन्हा लिहिली. आणि ३० मार्च २०२२ ला मंत्रालयानं आदेशच काढला! बाहेरचा डीएनए नसलेल्या एसडीएन-१ आणि एसडीएन-२ या प्रकारांना नियम ७ ते ११ मधून सूट, विसाव्या नियमाचाच आधार घेऊन. आमचं टिपण तेव्हा बाहेर गेलंही नव्हतं. आमच्यामुळे काही घडलं नाही, हे स्पष्ट सांगते, कारण या क्षेत्रात 'ते आमच्यामुळे झालं' म्हणणारे फार भेटतात. माझी अर्धी मेहनत एका संध्याकाळीत शिळी झाली. बाई म्हणाल्या, "आता या आदेशात काय राहून गेलं ते लिही." पुढे मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं भाताची दोन जनुक-संपादित वाणं जाहीर केली, त्याची वाट या आदेशानं मोकळी केली होती.

राहून गेलं ते शोधताना मला कळलं की निर्णय कोण घेतो, हे वरवर दिसतं तसं नसतं. बीटी वांग्याचंच बघा. ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीनं, म्हणजे जीईएसीनं, त्याला हिरवा कंदील दाखवला. मग तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत आपलं नागपूरही होतं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. त्याच वर्षी समितीचं नाव बदललं. जीईएसीमधला 'ए' आधी 'अप्रूव्हल'चा होता, तो 'अप्रेझल'चा झाला. मंजुरी देणारी समिती नुसतं मूल्यमापन करणारी झाली. लघुरूप तेच राहिलं, म्हणून पुष्कळांच्या लक्षातही आलं नाही. २०११ पासून शेतातल्या चाचण्यांना राज्याचं ना-हरकत प्रमाणपत्रही लागू लागलं, कारण शेती हा राज्याचा विषय. म्हणजे एका बियाण्यामागे तज्ज्ञ समिती, केंद्रीय मंत्री, राज्य सरकार आणि बहुधा न्यायालय. जीएम मोहरीवर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतंच वेगळी पडली. कोणत्या टेबलावर काय अडतं, हा नकाशा काढणं हे इंटर्नचं निम्मं काम.

आणि या नकाशात एक टेबल नसतंच. ते शेतात असतं.

माझं आजोळ अकोल्याकडचं. मेमध्ये मामाला फोन केला, सहज, हे काम सांगावं म्हणून. आदेश, सूट, जीईएसी सगळं ऐकून मामा म्हणाला, "तुमचा कागद निंघो न निंघो, आमच्याकडं पाकीट तं केव्हाचंच येते." तो बोलत होता 'चोर बीटी'बद्दल. तणनाशक सहन करणारा एचटीबीटी कापूस. परवानगी नाही, तरी विदर्भात बियाणं मिळतं. का मिळतं? निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते जाहीरपणे पेरून कायदेभंग केला होता. मामा स्वतः काय पेरतो ते मी विचारलं नाही.

पण एक विचारलं: पावती मिळते का? मामा हसला. चोरून विकलेल्या मालाची कसली पावती! आणि पावती नाही म्हणजे बियाणं उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? पाकिटात काय आहे ते कोण तपासणार? त्यावर मारायचं ग्लायफोसेट आपल्याकडे कापसासाठी मंजूरच नाही, मग ते किती आणि कसं मारायचं हे लेबल तरी कसं सांगणार? बंदीमुळे बियाणं थांबलेलं नाही, बियाण्याची जबाबदारी मात्र कोणावरच राहिली नाही. टिपणातला हा एक परिच्छेद मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो आला फोनवरून. बाई म्हणाल्या, एका मामावर परिच्छेद लिहिता येत नाही. बरोबरच होतं. मग मी संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीचा २०१२चा अहवाल काढला. ती समिती यवतमाळ जिल्ह्यात जाऊन शेतकऱ्यांना भेटली होती. पोलीस कारवाईच्या बातम्या गोळा केल्या, राज्य शासनाचे कागद वाचले. मामानं प्रश्न दिला, पुरावा दुसरीकडून आणावा लागला.

आता ती चूक.

आमच्या टिपणात सुरक्षिततेवर एक वाक्य होतं. टिपण इंग्रजीत होतं, अर्थ मराठीत सांगते. मी लिहिलं होतं: 'आतापर्यंतच्या अभ्यासांत, तपासलेल्या वाणांमध्ये, नको त्या जागी झालेले बदल आढळलेले नाहीत.' मी वाचलेले अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात बहुतेक भाताचे. छापून आलं: 'नको त्या जागी बदल होत नाहीत.'

वाक्य छोटं झालं, सुटसुटीत झालं. आणि खोटं झालं. 'आढळले नाहीत' हे मी किती शोधलं त्यावर अवलंबून आहे. 'होत नाहीत' हे निसर्गाबद्दलचं विधान आहे, ते करायचा अधिकार मला कोणी दिला नव्हता.

मला ते छापील प्रत हातात आल्यावर दिसलं. तीन दिवस गप्प बसले. कारणं तुम्हाला समजतील. मी इंटर्न, वाक्य मोठ्या माणसानं बदललेलं, जूनमध्ये शिफारसपत्र हवं होतं. शिवाय मनाला समजावत होते की मथितार्थ तोच आहे, उगाच शब्दांचा कीस कशाला पाडायचा. चौथ्या दिवशी दोन्ही वाक्यं एका कागदावर एकाखाली एक लिहिली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मीच केलं. दोन पानांत बसत नव्हतं." त्याच संध्याकाळी ऑनलाइन प्रत दुरुस्त झाली, खाली दुरुस्तीची नोंदही आली. त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण छापील प्रती आदल्या आठवड्यातच दिल्लीला गेल्या होत्या. दोन महिन्यांनी एका इंग्रजी लेखात तेच वाक्य आमच्या संस्थेच्या नावानिशी दिसलं. दुरुस्त केलेलं नव्हे, पहिलं.

मघाशी म्हटलं ना, पैशाच्या वाटेकडे लक्ष ठेवा. आमच्या त्या प्रकल्पात बियाणे कंपनीचा एक रुपया नव्हता. वाक्य जागेसाठी कापलं गेलं होतं, कोणाच्या दबावाखाली नाही. पण तो लेख वाचणाऱ्याला हे कसं कळणार? त्याला एवढंच दिसतं की थिंक टँकनं बियाण्याच्या बाजूनं गरजेपेक्षा मोठं विधान केलं. आणि खरंच कंपनीचा पैसा असता, तर मी चौथ्या दिवशी तो कागद ठेवला असता का? ठामपणे हो म्हणता येत नाही मला.

तेव्हापासून एक सवय आहे. प्रत्येक टिपणाबरोबर मी एक तक्ता ठेवते. एका रकान्यात वाक्य, दुसऱ्यात ते कुठून आलं, पान क्रमांकासह, तिसऱ्यात माझी खात्री किती, चौथ्यात शेवटची तपासणी कधी केली. हा चौथा रकाना एका विद्यार्थ्यामुळे आला. त्यानं पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली पाच वर्षं कैद होते असं लिहिलं. सगळ्या जुन्या अहवालांत तसंच आहे. पण २०२३च्या जनविश्वास कायद्यानं ते कलम बदललं. आता तिथे कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे. एचटीबीटी पेरणाऱ्याला तुरुंग होऊ शकतो असं आपण लिहिलं असतं, तर गावात कोणी घाबरून बसलं असतं.

अर्जाबद्दल थोडं सांगते, कारण त्यावर चिठ्ठ्या आल्या आहेत. गुणपत्रिका फार कोणी बघत नाही, लेखनाचा नमुना बघतात. दोन पानं लिहा, पण 'हवामानबदल आणि भारत' असल्या विषयावर नको. तुमच्या तालुक्यातला एक प्रश्न घ्या. महाराष्ट्राचे शासन निर्णय मराठीत निघतात आणि दिल्ली-बंगळुरूतल्या कितीतरी संशोधकांना ते वाचता येत नाहीत. तुम्हाला येतात. हे फार मोठं भांडवल आहे आणि आपली मुलं ते अर्जात लिहायलाही लाजतात.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: मॅडम, पैसे मिळतात का?

काही ठिकाणी स्टायपेंड मिळतो, काही ठिकाणी नुसतं प्रमाणपत्र. मला खोलीभाडं निघेल एवढं मिळत होतं, जेवण घरच्या पैशांवर. बिनपगारी इंटर्नशिपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ज्यांच्या घरचे सहा महिने पोसू शकतात, त्यांनाच ती परवडते, आणि मग धोरण लिहिणारी माणसंही त्याच घरांतली राहतात. घरून करता येणारं काम आहे का ते विचारा. पीआरएसनं पदवीधरांसाठी खासदारांबरोबर काम करण्याची 'लॅम्प' फेलोशिप चालवली होती, तिथे मानधन मिळायचं. विचारायला संकोच करू नका, मुलाखतीतच विचारा.

प्रश्न: लॅब सोडल्याचा पश्चात्ताप होतो का?

पावसाळ्यात होतो. फील्डवर्कचे दिवस असतात ना ते. पण लॅब पूर्ण सोडावीच लागते असं नाही. ब्रिटनच्या संसदेचं विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालय, 'पोस्ट' म्हणतात त्याला, पीएचडी करणाऱ्यांना तीन महिन्यांसाठी बोलावतं. ते खासदारांसाठी एका विषयावर टिपण लिहितात आणि परत आपल्या लॅबमध्ये जातात. आपल्याकडेही गाइड तयार असेल तर असं जमवता येतं. गाइड तयार होणं हाच अवघड भाग!

प्रश्न: माझी मुलगी जातेय दिल्लीला. (हे मघाचेच पालक.) तिला काय सांगू?

काका, तिला काही सांगू नका, तिच्याकडून ऐका. दर रविवारी फोनवर विचारा, या आठवड्यात काय लिहिलंस, मला समजेल असं सांग. तुम्हाला कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. माझी आई म्हणायची, "हे सगळं ठीक, पण मामाला पावती मिळणार का?" ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. मामाला अजून पावती मिळत नाही.